शब्द आणि शेजारी

मनुष्य हा बोलणारा प्राणी आहे असें म्हणण्याचा प्रघात आहे; पण बोलणें म्हणजे काय, हा प्रश्न आपण सहसा स्वतःस विचारीत नाहीं. एकाच्या मनांतील आशय दुसऱ्याच्या मनांत पोंचविणें म्हणजे बोलणें, अशी आपली ढोबळ समजूत असते. ह्या समजुतीप्रमाणें शब्द हा एक टपालवाला आहे. त्यानें पाकीट पत्त्यावर नेऊन टाकलें कीं त्याचें काम संपलें. निरोप स्पष्ट असावा, वाटेंत त्याची नासाडी होऊं नये, आणि ऐकणाऱ्यास तो कळावा, एवढें साधलें म्हणजे संवाद साधला. आजच्या यंत्रयुगानें हें सर्व इतकें सुलभ करून ठेवलें आहे कीं, माणसामाणसांतील गैरसमज आतांपावेतों नाहींसे व्हावयास हवे होते. ते झालेले नाहींत. तेव्हां टपालाची ही उपमाच कोठेंतरी अपुरी असली पाहिजे.

आमच्या मेढ्याकडचेंच उदाहरण घ्या. जावळीच्या ह्या खोऱ्यांतून पिढ्यानपिढ्या तरणे पुरुष पोटासाठीं मुंबईस जात आले. कोणी गिरणींत, कोणी माथाडी म्हणून ओझीं वाहावयास. पूर्वीं त्यांचें पत्र महिन्या-दोन महिन्यांनीं येई. आईला वाचतां येत नसे. शाळामास्तर किंवा पोस्टमन तें वाचून दाखवी. मजकूर ठराविक: मी खुशाल आहे, काळजी करूं नये. माहिती म्हणाल तर जवळजवळ कांहींच नाहीं. तरी म्हातारी तें पुनः पुनः वाचावयास लावी. कारण तिला मुलगा हवा होता, आणि त्या चार ओळींत तो तिला थोडासा मिळे. सारींच जुनीं पत्रें अशीं होतीं असें नाहीं. पुष्कळांत पैशाच्या हिशेबापलीकडे कांहीं नसे. आज तोच मुलगा रोज फोनवर बोलतो, त्याचा चेहराही दिसतो. आणि कित्येक घरांतून मात्र 'तो बोलतो, पण बोलत नाहीं' अशी तक्रार कानीं येते. म्हणजे प्रश्न साधनाचा नव्हे. शब्दाबरोबर माणूस येतो कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा विचार ज्या परंपरांनीं मुळापासून केला त्यांत ख्रिस्ती परंपरा मोडते. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाहीं, व त्या धर्माची वकिली करण्याचा त्याचा हेतु नाहीं. पण विचार चांगला असेल तर तो कोणाच्या घरचा आहे हें पाहूं नये. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ शब्दापासून होतो, आणि तो शब्द मनुष्यदेह धारण करून माणसांत राहावयास आला, असें तेथें सांगितलें आहे. शब्दाची थोरवी आपल्याला नवी नाहीं. आपल्या वैयाकरणांनीं शब्दाला ब्रह्म म्हटलें. परा, पश्यंती, मध्यमा व वैखरी अशा वाणीच्या चार पायऱ्या शास्त्रकारांनीं सांगितल्या. पण साधकाच्या दृष्टीनें त्या पायऱ्यांचा ओढा आंत आहे. उच्चाराकडून मौनाकडे जाण्याचा तो मार्ग आहे. ख्रिस्ती शब्दाची वाट उलट्या दिशेची. तो वरून खालीं उतरतो, गालीलांतील एका सुताराच्या घरीं वाढतो, तेथील लोकांची बोली बोलतो. आणि ऐकणाऱ्यास त्याला नाकारण्याची मोकळीक असते. पुष्कळांनीं त्यास नाकारलेंही.

ह्यांतून संवादाच्या तीन मूलभूत कल्पना निघतात. बोलणाऱ्यानें आपल्या शब्दांत स्वतः उतरलें पाहिजे; त्यानें ऐकणाऱ्याच्या भाषेंत गेलें पाहिजे; आणि नकार ऐकण्याची त्याची तयारी पाहिजे.

दुसऱ्या कल्पनेवर प्रकाश टाकणाऱ्या दोन कथा बायबलांत आहेत. बाबेलच्या कथेंत सर्व मनुष्यजात एकच भाषा बोलते, गर्वानें आकाशाला भिडणारा बुरूज बांधूं लागते, आणि देव त्यांच्या भाषा भिन्न करून त्यांस पांगवितो. ह्या शापाचा उतारा प्रेषितांच्या कृत्यांतील पन्नासाव्या दिवसाच्या कथेंत आहे असें ख्रिस्ती विचारवंत मानतात. आपली अपेक्षा अशी कीं, येथें सर्वांस पुनः एक भाषा मिळेल. तसें होत नाहीं. यरुशलेमांत जमलेल्या नाना देशींच्या लोकांस तें बोलणें ज्याच्या त्याच्या जन्मभाषेंत ऐकूं येतें. ऐक्य होतें, पण प्रत्येकाची भाषा शाबूत राहून होतें.

ही कल्पना आचरणांत किती कठीण आहे, ह्याची साक्ष मराठी भाषेच्या इतिहासांतच सांपडते. थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेजुइट १५७९ सालीं गोव्यास आला. येथील लोकांची भाषा तो शिकला, इतकेंच नव्हे तर त्यांची ओवी आणि त्यांचा पुराणाचा घाट त्यानें उचलला, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. स्वर्गासाठीं वैकुंठ हा श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द वापरण्यासही तो कचरला नाहीं. पुढें १६८४ सालीं त्याच गोव्याच्या व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, एतद्देशीयांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. धर्म तोच, प्रदेश तोच. एकानें ऐकणाऱ्याच्या घरीं जाऊन दार ठोठावलें. दुसऱ्यानें ऐकणाऱ्यास घर पाडून आपल्या वाड्यांत येण्याचें फर्मान सोडलें. प्रेम दुसऱ्याची भाषा शिकतें आणि सत्ता दुसऱ्यास आपली भाषा शिकविते, हा भेद ह्याहून ठळक कोठें दिसणार?

परंतु प्रश्न इतक्यानें सुटत नाहीं. चिकित्सक वाचक विचारील कीं, स्टीफन्सची ओवी हेंही एक आमिषच नव्हे काय? ज्या साष्टींत त्यानें काम केलें, तेथील देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं. पाठीशीं तलवार असतां गोड बोलणें हा संवाद कसा? आक्षेप खरा आहे, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. स्टीफन्सचें मन निर्मळ असेल. पण श्रोत्यास 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर वक्त्याच्या निर्मळपणानेंही संवाद पुरा होत नाहीं. म्हणून वर सांगितलेली तिसरी कल्पना मला तिघींत निर्णायक वाटते. पहिल्या दोन गोष्टी कुशल फेरीवालाही साधूं शकतो. तो मन लावून बोलतो, गिऱ्हाइकाच्या भाषेंत बोलतो. नकार मिळाल्यावर मात्र त्याचें प्रेम आटतें.

ऐकणाऱ्याची भाषा म्हणजे कोणाची, हाही एक पोटप्रश्न आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून, हिब्रू व ग्रीक शिकून, बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्या १९२२ सालीं वारल्या, व संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. संस्कृताच्या एवढ्या मोठ्या पंडितेनें संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षानें दूर ठेवले. कारण तिच्यासमोर श्रोता होता तो अल्पशिक्षित बायकांचा. स्टीफन्सनें श्रोत्यांच्या पुराणांतील भारदस्त शब्द घेतले, रमाबाईंनीं त्यांच्या स्वयंपाकघरांतील साधे शब्द घेतले. मार्ग परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघांनींही आधीं विचारलें तें एकच: समोर कोण बसलें आहे?

आतां नकाराच्या कसोटीकडे वळूं. मेढ्याहून वेण्णेच्या प्रवाहाबरोबर खालीं उतरलें म्हणजे सातारा येतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या आयुष्याच्या शेवटच्या पर्वांत तेथें राहिले. मिशनच्या नोकरीचा त्याग करून १९१७ सालीं त्यांनीं 'देवाचा दरबार' काढला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा ठेवली. ख्रिस्त सांगावयाचा तर तो अभंगांतून सांगावा, ही त्यांची वृत्ति सर्वश्रुत आहे. पण ह्या वृत्तीची खरी परीक्षा त्यापूर्वींच त्यांच्या घरांत झाली होती. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें त्या पतीकडे परत आल्या, तरी आपलें सोवळें सांभाळून राहिल्या. टिळक शीघ्रकोपी, भावनाप्रधान आणि वक्तृत्वांत अजोड. तरीही पत्नीच्या ह्या नकारास त्यांनीं आपल्या घरांत जागा दिली. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानें. 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास त्या बाईच्या स्वतंत्र बाण्याविषयीं शंका राहत नाहीं. टिळकांनीं अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनींच पुढें नेलें. ज्या स्त्रीस बोलावयाची व न बोलावयाची मुभा मिळाली, तिनेंच पतीचा अपुरा शब्द चालविला. लक्ष्मीबाई परत आल्याच नसत्या, किंवा अखेरपर्यंत सोवळ्यांतच राहिल्या असत्या, तरी टिळकांच्या त्या वागण्याचें मोल कमी झालें नसतें, हें मात्र विसरतां कामा नये. फळ मिळालें म्हणून तो संवाद ठरला, असें मानणें म्हणजे पुनः फेरीवाल्याच्याच हिशेबाकडे येणें होय.

ख्रिस्ती धर्मांत शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आहे. तो शेजारी कोण, हें विचारणाऱ्यास येशूनें शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. रस्त्यांत पडलेल्या परक्याजवळ जो थांबला तो शेजारी झाला. बोलण्यासही हाच न्याय लावतां येईल. आपण मुलांशीं, विद्यार्थ्यांशीं, घरांतील वृद्धांशीं दिवसभर बोलत असतों. त्यांतील बहुतेक बोलणें हुकुमाचें, उपदेशाचें किंवा निरोपाचें असतें. त्यास वाईट म्हणण्याचें कारण नाहीं. त्यावांचून संसार चालणार नाहीं. पण त्यासच संवाद समजून आपण समाधान मानूं नये. मुलानें आपलें म्हणणें ऐकून शांतपणें 'मला हें पटत नाहीं' म्हटलें, तर त्या क्षणीं आपला शब्द त्याच्याजवळ थांबतो कीं रस्ता बदलून पुढें निघून जातो, एवढें ज्याचें त्यानें पाहावें.