अर्नाळा नौका आणि आपला हिशेब



१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे भारतीय नौदलात एक नवी युद्धनौका दाखल झाली. तिचे नाव 'अर्नाळा'. आपल्या वसईच्या किनाऱ्यासमोरील बेटावरच्या किल्ल्याचे हे नाव. आपल्या गावचे नाव नौदलाच्या नौकेवर कोरले गेले याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. परंतु कौतुकाबरोबर एक प्रश्नही येतो आणि तो देवळाच्या दाराबाहेर ठेवून आत येता येत नाही. अशा नौकेवर होणाऱ्या खर्चाकडे ख्रिस्ती माणसाने कोणत्या नजरेने पाहावे?

आधी नौकेविषयी थोडे सांगतो. फ्रिगेटपेक्षा लहान अशा युद्धनौकेला कॉर्व्हेट म्हणतात. अर्नाळा त्याच कुळातली. ती सुमारे ७७ मीटर लांब आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शत्रूची पाणबुडी शोधणे आणि वेळ आल्यास ती बुडवणे हे तिचे मुख्य काम. त्यासाठी तिच्यावर पाणतीर म्हणजे टॉर्पेडो, पाणबुडीवर मारायचे रॉकेट आणि ३० मि.मी. तोफ आहे, ती पाणसुरुंगही पेरू शकते. 'अभय' वर्गाच्या जुन्या, रशियन बनावटीच्या कॉर्व्हेट निवृत्त होत आल्या म्हणून अशा १६ नौकांचे करार एप्रिल २०१९ मध्ये झाले. आठ कोलकात्याच्या गोदीकडे, आठ कोचीच्या गोदीकडे. एकूण किंमत सुमारे १२,६२२ कोटी रुपये. म्हणजे एका नौकेला ७८९ कोटींच्या आसपास. याहून मोठ्या नव्या पिढीच्या कॉर्व्हेटसाठी जून २०२२ मध्ये सुमारे ३६,००० कोटींच्या खरेदीला सरकारने तत्त्वतः मान्यता दिली, ते वेगळेच.

(किल्ल्याविषयी एक गोष्ट जाता जाता. मराठ्यांनी १७३७ मध्ये अर्नाळा बेट पोर्तुगिजांकडून घेतले आणि तेथे आजचा किल्ला उभारला. दोन वर्षांनी वसईही पडली. तेव्हाच्या आपल्या पूर्वजांना तो किल्ला रक्षक वाटला असेल की संकट, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आज त्याच नावाची नौका आपले रक्षण करते. तट तोच असतो, त्याच्या आत कोण आणि बाहेर कोण हे मात्र बदलत जाते.)

आता प्रश्नाकडे वळू. शस्त्र बाळगणे हेच पाप, असे ख्रिस्तसभेने शिकवलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट म्हटले की, शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर आपल्या जनतेचे रक्षण करण्याचा शासनाचा हक्क नाकारता येत नाही. जो सैनिक प्रामाणिकपणे हे काम करतो तो लोकांच्या सुरक्षिततेचा सेवक आहे, असेही परिषद सांगते. तेव्हा नौदलात भरती होणाऱ्या किंवा माझगाव गोदीत वेल्डिंग करणाऱ्या आपल्या माणसाने मन खाऊ देण्याचे कारण नाही. परंतु त्याच दस्तऐवजात थोडे पुढे परिषदेने शस्त्रस्पर्धेला मानवजातीला झालेली भयंकर जखम मानले आहे. तिची झळ गरिबांना असह्य होते, असा इशाराही दिला आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच परिषदेची आहेत. आपण सोयीनुसार एक लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो.

आपल्यातील ज्येष्ठांना १९६४ सालची मुंबईची युखरिस्त परिषद आठवत असेल. डिसेंबरच्या आरंभी पोप पॉल सहावे मुंबईत आले होते. चीनबरोबरच्या युद्धाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, देशात अन्नधान्याची टंचाई होती. त्या मुंबईतच पोपमहोदयांनी जगातील राष्ट्रांना विनंती केली की, शस्त्रांवर जाणाऱ्या पैशातला काही भाग बाजूला काढा आणि गरिबांसाठी एक जागतिक निधी उभारा. १९६७ सालच्या विश्वपत्रात त्यांनी मुंबईचे नाव घेऊन ही मागणी पुन्हा मांडली आणि २०२० साली पोप फ्रान्सिस यांनीही तीच मागणी केली. तो निधी काही उभा राहिला नाही. तरी एक बारकावा ध्यानात घ्यावा. पॉल सहावे यांनी सगळी शस्त्रे समुद्रात टाका असे म्हटले नव्हते, तर त्यातला एक भाग मागितला होता. त्यांची मागणी भाबडी नव्हती. ती हिशेबाची होती.

हिशेब म्हटला की आपल्या सभांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते: "एका युद्धनौकेच्या पैशात किती इस्पितळे झाली असती!" २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी आहेत आणि आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे १ लाख कोटी. आरोग्यावर राज्येही खर्च करतात आणि संरक्षणाच्या रकमेत निवृत्त सैनिकांचे निवृत्तिवेतनही येते, हे जमेस धरले तरी तफावत डोळ्यांत भरतेच. तरीही मला ते वाक्य अपुरे वाटते. नौका रद्द झाली म्हणून ते पैसे आपोआप इस्पितळाकडे जात नाहीत. शिवाय नौका खरोखरच हवी असेल, तर ती नाकारण्याची किंमत दुसरे कोणीतरी मोजते.

ती कोण मोजते, हे १९७१ ने दाखवले. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'खुकरी' ही आपली फ्रिगेट 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र म्हणजे सोनार, ते पाणबुडीकडे अधिक चांगले होते. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच बुडाले. पुढे १९८९ मध्ये माझगाव गोदीत बांधलेल्या कॉर्व्हेटला आपण 'खुकरी' हेच नाव दिले. आज पाकिस्तान चीनच्या मदतीने आठ नव्या पाणबुड्या घेत आहे आणि त्या वर्गाचे नाव आहे 'हँगोर'. धोका खरा आहे, तो आपण रंगवलेला नाही. पण दोन्ही किनाऱ्यांवर जुन्या जखमांची नावे नव्या पोलादावर कशी चढतात, तेही यात दिसते.

म्हणून माझ्या मते खरा नैतिक प्रश्न "नौका की इस्पितळ" याच्याही अलीकडे सुरू होतो. जी नौका आवश्यक ठरवली ती आपण पुरी करतो का? २०१४ साली 'कामोर्टा' ही पाणबुडीविरोधी कॉर्व्हेट सेवेत आली. तेव्हा तिच्यावर विमानविरोधी क्षेपणास्त्रे नव्हती आणि नौकेमागे पाण्यातून ओढून न्यायचे सोनारही नव्हते. माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, तीही तिच्यासाठी ठरवलेल्या नव्या पाणतीरांविना. ते पाणतीर बनवणारी इटालियन कंपनी ज्या उद्योगसमूहाची, त्याच समूहावर हेलिकॉप्टर व्यवहारात लाच दिल्याचे आरोप झाले होते, म्हणून खरेदी रद्द झाली. आरोपांनंतर व्यवहार थांबवणे योग्यच. परंतु दुसऱ्या पाणतीरांसाठीचा करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. मधली सात वर्षे जुन्या साठ्यातील पाणतीरांवर भागवले गेले.

सोहळ्यात बँड वाजतो, झेंडा चढतो, छायाचित्रे छापून येतात. नौकेच्या पोटात काय आहे आणि काय नाही, ते फक्त तिच्यावर झोपणाऱ्या खलाशाला ठाऊक असते. मला वाटते, अर्धवट शस्त्रसज्ज नौका ही मोठ्या खर्चापेक्षाही गंभीर बाब आहे. तिच्यावर गरिबाचा पैसा तर जातोच, शिवाय ज्याच्या नावाने तो खर्च झाला त्या सैनिकालाही संरक्षण मिळत नाही. एकाच कृतीत दोघांची फसवणूक होते. आणि टेबलाखालून घेतलेली लाच ही केवळ चोरी नसते. तिच्यामुळे पाण्याखालच्या माणसाच्या हाती जुने हत्यार राहते. पापनिवेदनाच्या वेळी आपण पैशाचे पाप आणि जिवाचे पाप वेगवेगळे मोजतो. येथे ते तसे मोजता येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने हिशेब करणाऱ्या दोन माणसांची उदाहरणे दिली आहेत. एक बुरूज बांधायला निघतो आणि पुरेसा पैसा आहे की नाही हे आधी पाहत नाही. बुरूज अर्धा राहतो आणि लोक हसतात. दुसरा राजा. दुप्पट सैन्य घेऊन येणाऱ्या शत्रूपुढे आपला निभाव लागेल का, हे तो आधी बसून ठरवतो. तेथे मुद्दा शिष्यत्वाच्या किमतीचा आहे, नौदलाचा नाही, हे मान्य. तरी राजाच्या गोष्टीचा शेवट आपण सहसा घाईने वाचतो. हिशेब जमत नाही असे दिसताच तो शत्रू दूर आहे तोवर वकील पाठवून तहाची बोलणी सुरू करतो. म्हणजे हिशेबाच्या वहीत सैन्याबरोबर वकिलाचेही पान आहे.

ते पान आपल्या पालघर जिल्ह्यातील काही घरांना चांगले ठाऊक आहे. डहाणू-तलासरीकडचे तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ ओढलेली नसते, बोट सीमेपलीकडे जाते आणि पकडली जाते. मग घरचे लोक वर्षानुवर्षे कराचीकडे डोळे लावून बसतात. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांच्या तुरुंगांतील नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांत संघर्ष पेटला. 'अर्नाळा' दाखल झाली ती जूनमध्ये. तरीही १ जुलै २०२५ रोजी याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या गेल्या. पाकिस्तानने दिलेल्या यादीत, भारतीय असलेल्या किंवा भारतीय समजल्या जाणाऱ्या, १९३ मच्छीमारांची नावे होती. ही माणसे घरी येतात ती अशा कागदांमुळे, आणि त्या कागदांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.