पुलाचं पुण्य कुणाच्या पदरात?

गोकाकच्या धबधब्यापाशी घटप्रभेवर सुमारे दोनशे मीटर लांबीचा लोखंडी झुलता पूल आहे. आसपास चालुक्यकालीन देवळं, जवळच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या बळावर सुरू झालेली सूतगिरणी. विहिरी, तळी, बागा, अन्नदान यांना आपल्या परंपरेनं 'पूर्त' म्हणून पुण्यकर्म मानलं. पूल त्याच जातीचा. पण समजा, तो निव्वळ गिरणीच्या सोयीसाठी उभारला असेल, तर पुण्य उरतं का? हेतू शुद्ध नाही म्हणून पुण्य नाही, हे उत्तर मला अपुरं वाटतं. पाली संयुत्तनिकायातल्या वनरोप सुत्तात पूल बांधणाऱ्यांचं पुण्य दिवसरात्र वाढत राहतं असं सांगितलं आहे. बांधण्याचं काम तर एकदाच होतं. मग रोज वाढतं ते काय? रोजची निर्धोक ये-जा. ती ज्याच्या निगराणीमुळे चालू राहते, त्याचा या पुण्यावरचा वाटा बांधणाऱ्याहून मोठा आहे.

इंग्लंडात सेव्हर्न नदीवर १७७९ साली उभा राहिलेला बिडाचा पूल हा जगातला तसला पहिला मोठा पूल. तो खासगी मालमत्ता असल्यामुळे राजघराण्यालाही टोल माफ नाही, असं तिथल्या दरफलकावर लिहिलेलं होतं. धर्मादायाचा लवलेशही नाही. तरी १७९५च्या महापुरात नदीवरच्या इतर पुलांची हानी झाली, हा टिकला. पुढे दोन्ही काठ आत सरकून कमान दाबू लागले, तेव्हा १९७०च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटचा आधार घातला गेला. आज तो उभा आहे त्यात या अनाम हातांचा वाटा मोठा. उलट मोरबीचा एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल २०२२ साली दुरुस्तीनंतर खुला केल्यावर चारच दिवसांत कोसळला, १३५ माणसं गेली. तो दोष मूळ बांधणाऱ्याच्या माथी कुणी मारत नाही. मग पाप सांभाळणाऱ्याचं आणि पुण्य मात्र बांधणाऱ्याचं, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, गीता फळाकडे पाहू नको सांगते आणि इथे तर फळावरच सारी भिस्त. पण गीतेनं सोडायला सांगितलं ते स्वतःला मिळणारं फळ. पुलावरून जाणाऱ्याच्या जिवाबद्दल बेफिकिरी नव्हे. निगा राखणारा पगार घेतो, हा आक्षेपही टिकत नाही. पगार घेऊनही गंजलेला दोर वेळेत बदलता येतो, किंवा नुसता रंग फासून झाकता येतो. पगार दोन्हीकडे तोच. धर्म फक्त पहिल्यात आहे.