इंद्रायणीचे पाणी कोणाचे?

एका नदीचे पाणी उचलून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात नेण्याच्या योजनांची चर्चा बहुधा खर्च, वीज, सिंचन आणि राज्याराज्यांतील वाटप यांच्या हिशेबात होते. परंतु ज्या समाजाने नदीला आई म्हटले आणि तिच्या काठी आपली तीर्थे वसवली, त्याच्यापुढे या हिशेबाच्या आधीचा एक प्रश्न उभा राहतो, तो असा की नदीची वाट बदलण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो आणि त्या अधिकाराला मर्यादा कोणती. खोरे म्हणजे ज्या प्रदेशावर पडलेला पाऊस उताराने अखेर एकाच नदीला मिळतो तो सगळा प्रदेश, आणि दोन खोऱ्यांना विभागणारी उंच रेषा म्हणजे जलविभाजक. महाराष्ट्रात ही रेषा सह्याद्रीच्या माथ्यावरून जाते. तिच्या पूर्वेला पडलेले बहुतेक पाणी शेकडो कोस चालून बंगालच्या उपसागराला मिळते, तर पश्चिमेला पडलेले पाणी थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठते. ही रेषा माणसाने ओलांडली त्याला आता शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि ज्या नदीपासून त्याची सुरुवात झाली ती वारकऱ्यांची इंद्रायणी आहे.

लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू आणि आळंदीवरून वाहत तुळापूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून पूजली जाते. तुकोबांच्या गाथेची आणि ज्ञानदेवांच्या समाधीची साक्ष असलेली ही नदी उगमानंतर लगेचच वळवण धरणाने अडवली जाते. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली पाचशे मीटरहून अधिक खोल उतरून १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजगृहात येते आणि तेथून पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे जाते. इंद्रायणीची उपनदी असलेल्या आंध्रेचे पाणी ठोकरवाडी धरणातून भिवपुरीमार्गे उल्हास नदीत, तर मुळेचे पाणी मुळशी धरणातून भिऱ्यामार्गे कुंडलिकेत उतरते. टाटा जलविद्युत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पांसाठी भीमेच्या वरच्या खोऱ्यातून एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी पाणी बाहेर नेता येईल, अशी मर्यादा न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा पाणीवाटप लवादाने घातली. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. पुणे शहराची तहान भागवणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत सुमारे २९ टीएमसी पाणी मावते, यावरून वळवल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण ध्यानात यावे. याच लवादाने कोयनेतून वाशिष्ठीकडे नेण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा ठरवली.

या वळवण्याचे परिणाम डोंगराच्या दोन्ही बाजूंना दिसतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पूर्वेला नदीचे सर्वाधिक पावसाचे शीर्षच तिच्यापासून तोडले जाते, त्यामुळे पावसाळा संपल्यावर उरलेल्या तुटपुंज्या प्रवाहात गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळले की ते विरळ करण्याची ताकद नदीत राहत नाही. आळंदीला पालखीच्या दिवसांतही इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे तवंग तरंगताना दिसतात. तो फेस सांडपाण्याचा आहे आणि त्याचा दोष धरणावर टाकता येणार नाही. पण उगमाचे पाणी पात्रात असते तर नदीने या घाणीशी अधिक बळाने झुंज दिली असती, हेही तितकेच खरे. पश्चिमेला याउलट, जी कुंडलिका उन्हाळ्यात क्षीण व्हायची ती भिऱ्याच्या जनित्रांच्या वेळापत्रकानुसार चढते आणि उतरते. वीजगृह चालू असते तेव्हा कोलाडजवळ तिच्यात रबरी होड्या हाकण्याइतके पाणी असते आणि जनित्रे थांबली की त्याच पात्रातले खडक उघडे पडतात. ऋतूंच्या लयीत वाढलेले मासे, शेवाळ आणि काठची झाडे यांना हा एका दिवसातला पूर आणि ओसर ठाऊक नव्हता. ज्या खाड्यांत उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी खोलवर शिरायचे तेथे आता बारमाही गोडे पाणी येऊन पडते आणि खारेपणाच्या त्या मर्यादेवर जगणाऱ्या जीवांचे गणित बदलते.

धर्मपरंपरा या प्रश्नावर काय सांगते, हे पाहताना नदीजोडाचे समर्थक बहुधा भगीरथाचा दाखला देतात, आणि तो दाखला पूर्णपणे चुकीचा नाही. माणसाच्या कल्याणासाठी नदीची वाट आखणारा राजा परंपरेने पूज्य मानला आहे. मात्र त्या कथेचा शेवट सहसा सांगितला जात नाही. भगीरथाने गंगा दुसऱ्या नदीतून उचललेली नाही आणि ती वाटेत कोठे अडवलेलीही नाही. सगरपुत्रांचा उद्धार तिच्या समुद्राकडे जाण्यातूनच झाला, म्हणूनच गंगासागर हे तीर्थ झाले. याच परंपरेत भागवताच्या दशम स्कंधातील बलरामही आहे, जो मद्याच्या धुंदीत यमुनेला बोलावतो आणि ती येत नाही म्हणून नांगराच्या फाळाने तिला ओढतो. ती शरण आल्यावर तो तिला सोडतो, पण बळाने नदी ओढणाऱ्या देवाची ही कथा परंपरा लपवत नाही, आणि अभ्यासकानेही ती लपवू नये.

या दोहोंपेक्षा अधिक विचारप्रवर्तक आहे ते ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील तेहेतिसावे सूक्त, ज्यात विश्वामित्र विपाश आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, या नद्यांशी बोलतो. भरतांच्या गाड्या आणि रथ पैलतीरी न्यायचे आहेत, म्हणून तो नद्यांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. नद्या आधी सांगतात की इंद्राने वृत्राला मारून त्यांना मोकळे केले आहे आणि त्यांची गती कोणासाठी थांबायची नाही. पुढे ऋषीच्या शब्दाला मान देऊन त्या खाली वाकतात आणि रथाच्या आसाखालून वाहू लागतात. भरत पार झाल्यावर तोच विश्वामित्र त्यांना पुन्हा भरून, वेगाने वाहण्यास सांगतो. माणसाची गरज येथे नाकारलेली नाही, नद्याही हट्टी नाहीत. मात्र मागणाऱ्याने विचारले पाहिजे, घेण्याला काळाची आणि प्रमाणाची सीमा असली पाहिजे, आणि गरज सरल्यावर नदी पुन्हा नदी झाली पाहिजे. वळवण धरण या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही, कारण तेथे पाणी कायमचे घेतले गेले आणि आळंदी-पंढरपूरच्या काठाला त्याबद्दल कोणी विचारले नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो आपल्या बुडणाऱ्या जमिनींसाठी, आणि तो न्याय्य होता. परंतु खालच्या अंगाला ज्यांच्यापर्यंत ते पाणी पोहोचणार होते त्यांचा आवाज त्या लढ्यातही नव्हता.

वळवण्याच्या बाजूने नेहमी पुढे येणारे समर्थन असे की पाणी समुद्रात वाया जाते. कोकणचे पाणी पूर्वेला गोदावरीच्या खोऱ्यात आणावे, या मागणीमागे हाच युक्तिवाद आहे. आणि गंमत अशी नव्हे तर खेदाची गोष्ट अशी की कोयनेचे पाणी पश्चिमेला नेतानाही उपयुक्ततेचाच युक्तिवाद झाला होता. एकाच डोंगरावरून परस्परविरुद्ध दिशांनी जाणारे पाणी दोन्ही वेळा वाचवलेले ठरते, याचा अर्थ हिशेबात फक्त माणसाचा उपयोग धरला आहे. वास्तविक नद्यांनी आणलेला गाळ त्रिभुज प्रदेश उभे ठेवतो. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते, खालचे थंड पाणी त्यामुळे वर येत नाही, समुद्राचा पृष्ठभाग उबदार राहतो आणि मान्सूनच्या ढगांना बळ मिळते. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीतील आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांसह एका गटाने संगणकीय प्रारूपांच्या, म्हणजे हवामानाच्या गणिती प्रतिकृतींच्या, आधारे दाखवले की देशव्यापी नदीजोडामुळे आधीच कोरड्या असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पर्जन्य आणि यज्ञ यांचे जे चक्र सांगितले आहे, आणि मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे, त्या विचाराला या निष्कर्षांनी नवा, अगदी भौतिक आशय मिळतो. गृहस्थाने रोज इतर जीवांसाठी अन्नाचा भाग बाजूला काढावा, असे सांगणारा भूतयज्ञही याच विचाराचा.

मात्र शंभर वर्षांपूर्वीचे वळण आज उलटवणे नीतीच्या दृष्टीनेही सोपे नाही. उल्हासच्या पाण्यावर बदलापूर-कल्याण परिसरातील लाखो लोक जगतात, पाताळगंगेच्या काठी वस्त्या आणि उद्योग वाढले आहेत, आणि पूर्वेला मंगळवेढे-सांगोल्याचा शेतकरी त्याच पाण्याची वाट पाहतो. नव्याने निर्माण झालेला हक्क हाही हक्कच असतो. म्हणून सगळे पाणी परत फिरवण्याच्या मागणीपेक्षा, वर्षभर आणि विशेषतः उन्हाळ्यात, नदीला नदी म्हणून जिवंत ठेवण्यापुरता वाटा आधी बाजूला काढणे अधिक न्याय्य ठरेल. यालाच पर्यावरणीय प्रवाह म्हणतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या भागासाठी असा किमान प्रवाह ऋतूनुसार २० ते ३० टक्के ठरवला. गंगेला जे लागू झाले ते इंद्रायणीला लागू करण्यात तत्त्वाची अडचण नाही. त्यासाठी वळवण आणि ठोकरवाडी येथून काही पाणी पूर्वेला सोडावे लागेल, मुंबईला तेवढी वीज दुसरीकडून आणावी लागेल, आणि आळंदी-पंढरपूरला स्नान करणाऱ्या वारकरी समाजाला ही मागणी आपल्या धर्माचाच भाग मानून पुढे रेटावी लागेल.