दंड कोणाचा?

जानेवारी २०२१. न्यू जर्सीतली कडाक्याची थंडी, आणि मी एका रिहॅब सेंटरच्या खिडकीबाहेर कानाला फोन लावून उभा. काचेच्या आत आई. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालं आणि पुढच्या व्यायामासाठी तिला तिथे ठेवलं होतं. कोविडमुळे आत जायला बंदी.

तिची आंघोळ, कपडे, जेवण बघायला एक पन्नाशीच्या कृष्णवर्णीय नर्सिंग असिस्टंट होत्या. आईचं इंग्रजी 'थँक यू'च्या पुढे जात नाही. या बाईंनी 'पाणी', 'हळू' आणि 'दुखतं?' असे तीन शब्द शिकून घेतले होते. रोज आईची वेणीसुद्धा घालायच्या. "अरे, तुझ्या बायकोपेक्षा घट्ट घालते," इति आई. (ही बातमी मी घरी पोचवली नव्हती. आता स्मरणिकेतून पोचेल!)

एकदा फोनवर मी त्यांना सहज विचारलं, "लस घेतलीत ना?"

"अजून नाही. आधी बघते काय होतं ते."

मी चाटच पडलो. डोळ्यांदेखत माणसं गेलेली पाहणारी ही बाई, आणि हिलाच शंका? पुढे सीडीसीचे आकडे आले तेव्हा कळलं की त्या एकट्या नव्हत्या. लसीकरणाच्या पहिल्या महिन्यात अशा निम्म्या केंद्रांत ३८ टक्क्यांहूनही कमी कर्मचाऱ्यांनी डोस घेतला होता. रहिवाशांचा तोच मधला आकडा ७८ टक्के.

आईचा पहिलाच डोस झाला होता. मी रात्री व्यवस्थापनाला ई-मेल केली: लस न घेतलेली व्यक्ती आईजवळ नको. दोन दिवसांत त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. नवीन आलेल्या मुलीने लस घेतली होती, पण आईची वेणी काही कोणी घातली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव, त्याचा स्वतःच्या दंडावर पूर्ण हक्क उरतो का?

माझं उत्तर 'नाही' असंच आहे. आपल्याला कोणी न्हाऊ घालायचं हे ठरवणं आईच्या हातात नव्हतं. ती उठून बाहेरही जाऊ शकत नव्हती. आईचं माहेर परळचं, हाफकिन इन्स्टिट्यूट लहानपणापासून पाहिलेली. त्या हाफकिनसाहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, तीही भायखळ्याला, म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्याच्या अंगाला हात लावणाऱ्याने आधी आपला दंड पुढे करावा, असं मला वाटतं.

पण 'आधी बघते' या शब्दांना हसायचा अधिकार मला कितपत आहे? आम्ही आयटीवाले नवं रिलीज पहिल्या दिवशी कधी घेतो का? आणि ग्रीन कार्डच्या मेडिकलला टोचलेल्या सगळ्या लसी मी एकही प्रश्न न विचारता घेतल्या. तो काही विज्ञानावरचा विश्वास नव्हता, मंडळी. समोर कार्ड दिसत होतं.

त्या बाईंचं आजोळ अलाबामाचं. तिथल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं 'पाहिलं'. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. त्या पुरुषांशी संपर्क ठेवणारी, त्यांना तपासणीला घेऊन येणारी परिचारिकाही कृष्णवर्णीयच होती. हे मी नंतर वाचलं. ई-मेल लिहायला मला दहा मिनिटं लागली होती, बाईंना "का?" असं मी विचारलंच नव्हतं.

शिवाय पुढे माझी बाजूही थोडी लंगडी पडली. लस घेतलेल्यांनाही लागण होते आणि त्यांच्याकडून इतरांना होऊ शकते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात डेल्टाने दाखवलं. गंभीर आजार आणि मृत्यू लसीने रोखले, पण 'तुम्ही घेतली नाहीत तर माझी आई धोक्यात' हे वाक्य जानेवारीत जितकं ठाम होतं तितकं डिसेंबरात राहिलं नाही. आणि २०२० मध्ये ज्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवल्या, त्यांच्यातल्याच काहींना वर्षभरात घरी पाठवलं. जून २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या एकाच रुग्णालय समूहातून लस न घेतल्यामुळे १५३ जण गेले, कोणी राजीनामा देऊन, कोणी काढल्यामुळे.

एवढं सगळं मान्य करूनही, आज तोच प्रसंग आला तर मी ई-मेल पाठवीन. फक्त आधी बाईंशी बोलेन.

आई मार्चमध्ये घरी आली. आता ती वेणी घालू देत नाही, अंबाडाच बरा म्हणते. त्या वर्षी दिवाळीत, ४ नोव्हेंबरला, आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सक्तीची करणारा केंद्र सरकारचा हुकूम जाहीर झाला (२०२३ मध्ये तो मागेही घेतला गेला). त्याच आठवड्यात आईने लाडू-चकल्यांचा डबा भरला. "त्या बाईंना नेऊन दे. मला न सांगता दुसरीकडे गेली, पण मनाची चांगली होती."

मी गेलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "त्या आता इथे नसतात." कधीपासून, का, ते तिला माहीत नव्हतं.

डबा मी ऑफिसात वाटून टाकला. आईला सांगितलं, आवडला त्यांना.