रथातून उतरलेला सेनापती



भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्टीच्या उजेडात जी नगरी वाढली, तिच्यात पोटापाण्यासाठी आलेली आपली मराठी कुटुंबेही स्थिरावली. अशा नगरीत हुद्द्याला मोठा मान असतो. घर कोणत्या सेक्टरमध्ये आहे, यावरूनही माणसाची पायरी ओळखली जाते.

परंतु मृत्यूला पायरी ठाऊक नसते. 12 जून 2014 रोजी याच कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण प्राणास मुकले. त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर काम चालू असता भडका उडाला व दहाहून अधिक माणसे दगावली. दोष कोणाचा, हे ठरविणे आपले काम नव्हे. पण एक गोष्ट मनात घर करून राहते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. काही बिघडले आहे, याची पहिली चाहूल अनेकदा लागते ती नळाशेजारी उभ्या असलेल्या सामान्य कामगाराला. ती चाहूल साहेबांपर्यंत पोहोचेल की नाही, हे साहेबांच्या स्वभावावर अवलंबून असते. ज्याच्यापुढे बोलावयास माणसे भितात, त्याला सत्य सर्वांत शेवटी कळते.

2 राजे, अध्याय 5 मध्ये अरामाचा सेनापती नामान याची कथा आहे. तो शूर होता, पण कोडी होता. बरे होण्याची वाट त्याला कोणी दाखविली? प्रथम, बंदी करून आणलेल्या एका लहान मुलीने. पुढे अलीशाच्या निरोपाने त्याचा अभिमान दुखावला व तो रागाने परत निघाला, तेव्हा त्याच्याच चाकरांनी जवळ जाऊन त्याची समजूत घातली. संतापलेल्या धन्याजवळ जाण्याचे धैर्य त्यांना झाले, यातच त्या धन्याची थोरवी दिसते. त्याने त्यांचे ऐकले, यार्देनेत सात वेळा बुडी मारली आणि तो शुद्ध झाला.

यापुढील एक बारीकशी गोष्ट आपण सहसा वाचून पुढे जातो. नामान प्रथम अलीशाच्या दारी आला तो घोडे व रथ घेऊन. परत जाताना मात्र अलीशाचा चाकर गेहजी मागून धावत येत आहे असे पाहताच तो रथातून खाली उतरला आणि त्याने त्याची विचारपूस केली. गेहजीच्या मनात लोभ होता, ही गोष्ट निराळी. नामानाची केवळ कातडीच नव्हे, तर चालही बदलली होती.

कोणी म्हणेल, "इतके नम्र झाल्यावर शिस्त कशी राहील?" बंधूंनो, नामान रथातून उतरला, पण सेनापतिपदावरून उतरला नाही. सुरक्षिततेच्या नियमात कणाचीही सूट देऊ नये. मात्र नियम मोडणाऱ्याला चारचौघांत अपमानित करू नये. नियमाशी कठोर असावे, माणसाशी कोमल. ठेकेदाराकडील मजुरालाही नावाने हाक मारावी. त्याने काम थांबवून धोका सांगितला आणि तो खोटा ठरला, तरी त्याला रागावू नये. नाहीतर दुसऱ्या वेळी खरा धोकाही तो सांगणार नाही. आपली चूक झाली असेल, तर ती त्याच पाळीत, त्याच माणसांपुढे कबूल करावी.

ईयोबाने आपल्या दासदासींची तक्रार कधी तुच्छ मानली नाही. त्याचे कारण तो अध्याय 31 मध्ये देतो: ज्याने मला गर्भात घडविले, त्यानेच त्यांनाही घडविले. आणि आपल्या प्रभूने तर कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले.

आज आपल्या हाताखाली दहा माणसे असोत वा घरी भांडी घासणारी एकच बाई असो, आपण स्वतःला विचारू या: माझी चूक मला सांगण्यास यांपैकी कोण धजावेल? उत्तर "कोणी नाही" असे येत असेल, तर रथातून उतरण्याची वेळ झाली आहे.

हे प्रभो, आम्हांला ऐकणारे कान आणि उतरणारी पावले दे. आमेन.