शंकासमाधान : कबुतरांचे दाणे आणि पितृदोष

शंका : आमच्या सासूबाई गेली कित्येक वर्षे स्नान आटोपले की गच्चीवर कबुतरांना ज्वारी घालतात. घराण्यात पितृदोष असल्याचे सांगून गुरुजींनी हा नेम लावून दिला आहे. अलीकडे त्यांना कोरडा खोकला येतो, जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी कबुतरांपासून दूर राहण्यास बजावले आहे. परंतु ‘मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढला तर पाप लागेल’ असे त्या म्हणतात. नेम मोडल्यास खरोखर दोष लागतो काय?
— एक भगिनी, गिरगाव

समाधान : भगिनी, तिळमात्र दोष लागत नाही, उलट डॉक्टरांनी मनाई केल्यावरही हा नेम चालू ठेवला, तर स्वतःच्या देहाची हेळसांड आणि शेजाऱ्यास उपद्रव असे दोन दोष पदरी येतात.

मनाईचे कारण सासूबाईंस नीट समजावून द्यावे. कबुतराची विष्ठा वाळून जी पूड होते आणि त्याच्या पंखांतून जी बारीक पांढरी धूळ उडते, तिच्यातील प्रथिने दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्याने काही व्यक्तींच्या फुप्फुसांस सूज येते. हा विकार एकापासून दुसऱ्यास जडत नाही, परंतु दुर्लक्ष झाल्यास फुप्फुस निबर होत जाते, आणि एकदा निबर झालेला भाग पूर्ववत होत नाही. त्या धुळीपासून दूर राहणे हाच यावरचा पहिला उपाय होय. याखेरीज या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकोकस नामक बुरशी क्षीण प्रकृतीच्या माणसाच्या फुप्फुसांतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते.

पाखरे उपाशी मरतील ही भीतीही निराधार आहे. हा मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. शहरातले सज्जे आणि वळचणी त्याला कड्यांच्या ठिकाणी झाल्या, आणि आयते दाणे मिळताच त्याची वीण बाराही महिने चालू राहिली. आपल्या दाण्यांनी त्याची भूक भागण्यापेक्षा त्याची संख्याच अधिक वाढते. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महानगरपालिकेस दिले, त्यानंतर दादरच्या कबुतरखान्यापाशी धर्मावर घाला आल्याची हाकाटी झाली. जीवदया हे थोर व्रत आहे याविषयी दुमत नाही. परंतु गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र यांची अट आहे, आणि ती डावलून केलेले दान तामस ठरविले आहे. जिथली विष्ठा शेजारणीच्या खिडकीवर साचते, ती गच्ची दानाचा योग्य देश कशी ठरावी? काकबळीसही आपल्या वाडवडिलांनी घासभरच अन्न ठेवले, पोती ओतली नाहीत.

आता त्या गुरुजींविषयी. पत्रिका उघडावी, पितृदोष काढावा, त्यावर दाण्यांचा उतारा सांगावा आणि दक्षिणा कनवटीस लावावी, हा व्यवसाय धर्माच्या नावावर राजरोस चालला आहे. कबुतरखान्याच्या कडेला टोपली मांडून बसलेला विक्रेता निदान दाणेच विकतो. हे गृहस्थ भय विकतात. ज्या पितरांनी आपणांस अंगाखांद्यावर वाढविले, ते मूठभर ज्वारीसाठी लेकीसुनांना छळतील, ही कल्पनाच त्यांची अप्रतिष्ठा करणारी आहे. ज्या पुण्यापायी स्वतःस काडीची तोशीस नाही आणि ज्याची झळ मात्र परक्याने सोसावयाची, त्या पुण्याची हाव समाजातून हद्दपार झाली पाहिजे. आपल्या पूजेचे निर्माल्य नदीत, आपल्या उत्सवाचा गोंगाट रुग्णाच्या कानी आणि आपल्या दयेची घाण शेजाऱ्याच्या दारी, हा कोणता धर्म?

तेव्हा नेम सुटत नसेल तर पात्र बदलावे : रोजची पसाभर ज्वारी बाजूस काढून महिनाअखेर एखाद्या गरजू कुटुंबास द्यावी. गच्ची कोरडी झाडू नये. घरातील धडधाकट माणसाने मास्क लावून, पाणी शिंपून, विष्ठा ओली करूनच खरवडावी. पाखरे बसू नयेत म्हणून जाळीची तजवीज करावी. विष घालणे किंवा पिलांसकट घरटी उधळणे मात्र सर्वथा वर्ज्य. दाणे किती वर्षे घातले, हेही डॉक्टरांपासून लपवू नये. आणि गुरुजींनी पुन्हा दोषाचा विषय काढल्यास त्यांच्यासमोर गीतेचा तो अध्याय उघडून ठेवावा.