सोपविलेली अमानत

सर्व स्तुती अखिल विश्वाचा पालनकर्ता अल्लाहसाठी आहे, ज्याने मानवाला वेगवेगळ्या क्षमता दिल्या, पण प्रतिष्ठा सर्वांना बहाल केली. त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम असो.

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येक वस्तीत असे एखादे घर असतेच, जेथे बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा तिशी ओलांडतो आणि आई-वडील सत्तरीकडे झुकतात. आईचे गुडघे साथ देत नाहीत. अंघोळ घालताना मुलगा वडिलांना आवरत नाही. भावंडे पोटापाण्यासाठी परगावी गेलेली असतात. इशाच्या नमाजनंतर त्या माता-पित्याच्या दुआमध्ये एकच विनवणी उरते : आमच्यानंतर याचे काय होईल? अशा वेळी एखाद्या निवासी संस्थेचा विचार पुढे येतो आणि त्यापाठोपाठ अपराधी भावनाही येते.

प्रथम हे स्पष्ट असावे की, गरजेपोटी अशा संस्थेचे साहाय्य घेणे म्हणजे पाप नव्हे. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही. परंतु एक गोष्ट शरीअतच्या दृष्टीने तितकीच स्पष्ट आहे. देखभालीचे काम दुसऱ्याच्या हाती सोपविता येते, उत्तरदायित्व सोपविता येत नाही. पैगंबर (स.) यांनी प्रत्येक माणसाला मेंढपाळाची उपमा दिली आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी जाब विचारला जाईल, असे बजावले. मेंढपाळाने राखणीसाठी गडी ठेवला, म्हणून कळप गड्याचा होत नाही.

दिव्य कुरआनने या विषयाला अगदी व्यावहारिक पातळीवर हात घातला आहे. सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत, ज्यांची समज अपुरी आहे त्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नये, असा आदेश आहे. मात्र आदेश तेथेच थांबत नाही. त्या मालमत्तेतून त्यांना अन्न द्यावे, वस्त्र द्यावे आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलावे, असे अल्लाह फर्मावितो. अन्न आणि वस्त्र यांचा विचार कोणतीही संस्था करील. भल्या शब्दांचा आदेश मात्र अन्नवस्त्राच्याच रांगेत येतो, म्हणजे तोही तितकाच बंधनकारक आहे. ज्याला हिशेब समजत नाही, त्याला अपमान समजतो, हे त्याच्या निर्मात्याला ठाऊक आहे. तसेच सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत, जो स्वतः करार सांगून लिहवू शकत नाही, त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, असा नियम आहे. पालकत्वाला अल्लाहने न्यायाची अट घातली आहे. पालकाची सोय ही त्यातील अट नव्हे.

हदीसमध्ये असेही आले आहे की, ज्याची बुद्धी शाबूत नाही त्याच्यावरून लेखणी उचलली गेली आहे. त्याच्या कर्मांची नोंद होत नाही. हे ऐकून आपण निश्चिंत होतो. पण त्याच्यावरून उचललेली लेखणी आपल्यावरून उचललेली नाही. त्याला कोणी मारले, उपाशी ठेवले, घाणीत पडू दिले, तर ती नोंद कोणाच्या खात्यावर होत असेल, याचा विचार करावा.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी एक प्रसंग सांगितला आहे. मदीनेत एक स्त्री होती, जिच्या बुद्धीत काही उणीव होती. आपले आपणाकडे काम आहे, असे ती पैगंबर (स.) यांना म्हणाली. आपण तिला आदराने अमुकची आई असे संबोधिले आणि कोणत्या गल्लीत उभे राहून बोलायचे ते तिनेच ठरवावे, असे सांगितले. मग तिच्यासोबत वाटेच्या कडेला उभे राहून तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतले. येथे तिच्या नातेवाइकांना बोलावले गेले नाही, तिला घरी पाठविले गेले नाही. जागा निवडण्याचा हक्क तिला दिला गेला आणि वेळेची मर्यादाही तिच्याच हाती ठेवली गेली. निवासी संस्था चांगली की वाईट, हे पाहण्यासाठी याहून उत्तम कसोटी नाही. तेथे राहणाऱ्याला कोणी विचारते का? काय खायचे, कोणता सदरा घालायचा, कोणाशेजारी बसायचे, हे त्याला निवडता येते का? तो बोलू लागला, तर कोणी थांबून ऐकते का?

ही कसोटी दुर्लक्षिली जाते तेव्हा काय घडते, हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारी मतिमंद मुलींच्या गृहातील काही जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आले. मासिक पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. सांभाळणाऱ्यांची अडचण दूर करण्यासाठी सांभाळल्या जाणाऱ्यांच्या देहावर निर्णय झाला. पुढे 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोली येथील एका खाजगी गृहात मतिमंद आणि मूकबधिर मुलींवर आतल्याच माणसांकडून लैंगिक अत्याचार होत असल्याचे उघड झाले. 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्या प्रकरणी शिक्षा सुनावल्या.

कोणी म्हणेल की, आपल्याकडे पैसा कमी, म्हणून असे होते. श्रीमंत देशाचेही उदाहरण पाहावे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खाजगी रुग्णालय होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या एकेका रुग्णामागे तेथे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड सरकारी तिजोरीतून दिले जात. तेथे रुग्णांना मारहाण होई, त्यांची थट्टा होई. एका ज्येष्ठ परिचारकाने तक्रार केली, परंतु व्यवस्थापनाने आणि सरकारी निरीक्षण यंत्रणेनेही ती मनावर घेतली नाही. अखेर एक वार्ताहर नोकर म्हणून आत शिरला, त्याने छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केले आणि 31 मे 2011 रोजी ते बीबीसीवर दाखविले गेले. 2012 मध्ये 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यांपैकी 6 जण तुरुंगात गेले. पैसा होता, परवाना होता, तपासणीही होती. पण त्या बंद दारांमागे काय चालले आहे, हे पाहणारी आपुलकीची नजर नव्हती.

आपल्या समाजानेही याबाबत निर्धास्त राहू नये. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली 28 माणसे होरपळून मरण पावली. ते मनोरुग्ण होते. मनोरोग आणि बौद्धिक अक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु बोलता न येणाऱ्याला, किंवा ज्याचे बोलणे कोणी खरे मानत नाही त्याला बांधून ठेवून निर्धास्त होणे, हा गुन्हा दोन्हीकडे एकच आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या स्त्रीचा उल्लेख आहे, जिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधण्यास मोकळेही सोडले नाही. त्यासाठी ती नरकाग्नीस पात्र ठरली. जो कोंडतो, त्याच्यावर कोंडलेल्याच्या प्रत्येक श्वासाची जबाबदारी येते. मांजराविषयी हा निवाडा असेल, तर आदमच्या संततीविषयी काय असेल?

जे भाऊ-बहिणी अशा संस्थांत चाकरी करतात, त्यांनी हजरत अबू मसऊद (रजि.) यांची घटना स्मरणात ठेवावी. ते आपल्या गुलामाला चाबकाने मारत होते. मागून आवाज आला, वळून पाहतात तो साक्षात पैगंबर (स.) होते. त्या गुलामावर त्यांची जितकी सत्ता चालते, त्याहून अधिक अल्लाहची सत्ता त्यांच्यावर चालते, अशी जाणीव आपण करून दिली. अबू मसऊद (रजि.) यांनी तत्क्षणी त्या गुलामाला मुक्त केले. संस्थाचालकांनीही जाणावे की, एकाच थकलेल्या सेविकेवर रात्रपाळीत वीस-पंचवीस जणांचा भार टाकणे, हा तिच्यावर आणि त्या जिवांवर, दोघांवरही जुलूम आहे. पैगंबर (स.) यांनी सेवकावर त्याच्या शक्तीबाहेरचे काम लादण्यास मनाई केली आणि लादलेच तर त्याला हात द्यावा, असे शिकविले.

तर मग घरच्यांनी काय करावे? हजरत उमर (रजि.) मदीनेत रात्री गस्त घालीत, कारण दिवसा दरबारात सर्वजण नीटनेटकेच दिसतात. आपणही न कळवता जावे, कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी. कार्यालयात बसून चहा घेऊन परतू नये. ताटात काय आहे ते पाहावे, अंथरुणाला हात लावून पाहावा, शौचालयाला दार आहे का ते पाहावे. त्याचे वजन, दात, नखे, अंगावरचे वण पाहावेत. कोणते औषध कोणी आणि कशासाठी चालू केले, ते विचारावे. मुलींच्या स्नान-शुश्रूषेसाठी स्त्री सेविकाच आहेत ना, रात्री किती माणसे जागी असतात, आग लागली तर कुलपे कोण उघडील, हे विचारावे. पूर्वी हसणारा मुलगा एखादी व्यक्ती जवळ येताच अंग चोरू लागला, तर ती त्याची साक्ष समजावी. ज्याला शब्द नाहीत, त्याचा देह बोलतो.

कायदाही या कामी सोबतीला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अन्वये अशा संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या हाती आपले मूल देऊ नये. अत्याचाराची शंका आल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळविता येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 अन्वये 18 वर्षांवरील बौद्धिक अक्षम व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते आणि पालकाला मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो. माता-पित्यांनी आपल्या हयातीतच हे काम पूर्ण करावे आणि मुलाला ओळखणारा, त्याच्यावर माया करणारा माणूस पालक म्हणून सुचवावा.

ज्यांना अशी अपत्ये नाहीत, तेही या कर्तव्यातून मोकळे नाहीत. आपण रमजानमध्ये जकात देतो, ईदला डेगभर बिर्याणी पाठवितो आणि छायाचित्र घेऊन परततो. ज्या संस्थेला आपला पैसा जातो, तेथे मशिदीच्या जमातीतून दोन पुरुष आणि दोन स्त्रियांनी दरमहा जावे. ज्याला भेटायला कोणीच येत नाही, त्याच्यापाशी आधी बसावे, कारण धोका त्यालाच सर्वाधिक असतो. ज्याच्यावर नमाज बंधनकारक नाही, त्यालाही ईदगाहवर न्यावे, नवे कपडे घालावेत, गळाभेट घ्यावी. आपल्याला मदत आणि उपजीविका मिळते ती आपल्यातील दुर्बलांमुळे, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. या अर्थाने ते आपल्या आश्रयाला नसून आपणच त्यांच्या बरकतीच्या आश्रयाला आहोत.

हे अल्लाह! ज्यांना स्वतःचे दुःख सांगता येत नाही, त्यांचे रक्षण कर. त्यांना सांभाळणाऱ्या हातांत शक्ती आणि अंतःकरणात तुझे भय निर्माण कर. त्यांच्या थकलेल्या माता-पित्यांना सबर दे आणि त्यांच्यामागे न्यायी पालक दे. ज्या दिवशी मुक्यांना वाचा मिळेल, त्या दिवशी आमच्याविरुद्ध त्यांची साक्ष होऊ देऊ नकोस. आमीन.